मधलं शटल

बँकेत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. किल्ल्या, शिक्के, अर्धवट राहिलेली कामं, सगळं पुढच्या माणसाच्या हातात ठेवायचं, सही करायची आणि निघायचं. मी डिचोलीच्या एका बँकेत खेळाडू म्हणून लागले होते. त्यामुळे टेबलावर कमी आणि कोर्टवर जास्त असे, पण चार्ज देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणी हसतमुखाने देतो, कुणी एखादी किल्ली मुद्दाम खिशात ठेवून जातो. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी देशाच्या बॅडमिंटन संघात दुहेरी खेळत होते आणि माझी तिशी उलटून गेली होती.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. त्या वर्षी माझी जुनी जोडीदारीण खेळ सोडून संसाराला लागली. ती पूर्वेकडच्या राज्यातली. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी येत नव्हती, आणि कोर्टवर आम्हाला एकमेकींना काही सांगावं लागत नसे. ती गेल्यावर शिबिरात मी एखाद्या सुट्या चपलेसारखी झाले. आमचे सर, म्हणजे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक, फार कमी बोलणारे आणि बोलले तर हिंदीत. संघातल्या आम्ही जुन्या बायका एकेक करून गळणार आणि आमच्या मागे कुणीच उभं नाही, हे त्यांना आमच्याही आधी दिसलं होतं. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"तुझ्याच राज्यातली एक मुलगी मी ज्युनियरमध्ये पाहिली," ते म्हणाले. "हात चांगला आहे. एक हंगाम तिला बरोबर घेऊन खेळ. शेवटी मी येऊन बघेन. तिला जोडी चालवता आली, तर तिला दुसऱ्या नव्या मुलीबरोबर लावतो आणि तू थांब. नाही जमलं, तर ती घरी जाईल आणि तू आणखी एक वर्ष राहा."

म्हणजे मी नीट शिकवलं तर माझी जागा जाणार आणि नीट शिकवलं नाही तर राहणार. असा चार्ज बँकेतसुद्धा कुणी मागितला नसता. मी विचारलं, "जोडी चालवता येते की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवणार?"

"मधलं शटल कोण घेतं, त्यावरून."

दुहेरीत दोघी बाजूबाजूला उभ्या राहून शटल परतवत असतात, तेव्हा समोरच्या जोड्या मुद्दाम दोघींच्या मधोमध मारतात. ते शटल कुणाचं? पुस्तकात उत्तर आहे: डाव्या बाजूला जी उभी, तिचा उजवा हात मधे असतो, म्हणून ते तिचं. पण खेळ पुस्तकात पाहून होत नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत एकीने "माझं" म्हणावं लागतं आणि दुसरीने सोडावं लागतं. दोघी गेल्या तर रॅकेटवर रॅकेट आपटते, आणि कुणीच गेली नाही तर शटल दोघींच्या मधे जमिनीवर पडतं आणि दोघी त्याच्याकडे बघत राहतात. मधलं शटल ज्या खेळाडूचं असतं, जोडी तिची असते. आमच्या जोडीत ते कायम माझं होतं.

मुलगी इब्रामपूरची निघाली. चतुर्थी होऊन गेल्यावर तिचा बाप तिला घेऊन दोडामार्गावरून बसने डिचोलीला आला आणि तिथून आमोण्याला, आमच्या घरी. शेत, माड आणि डोंगरावर काजी, म्हणजे काजूची झाडं, असलेला सरळ माणूस. पिशवीतून नारळ काढून त्याने आमच्या मेजावर मांडले आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसला. मुलगी खिडकीपाशी उभी. सोळा-सतरा वर्षांची, काटक, पायांत नवे कोरे बूट आणि नजर त्या बुटांवर.

"आता ही तुमची," बाप म्हणाला. "तुमच्या शब्दाभायर वचाची नाय." मग तिच्याकडे वळून, "आयकलंय मगो? ताई सांगात तां करूचां."

मुलीने मान हलवली. मला तेव्हा बरं वाटलं. आज्ञाधारक मूल मिळालं म्हणून कुठल्या शिकवणाऱ्याला वाईट वाटतं? पुढे वर्षभर मी ज्याच्याशी झगडले ते हेच होतं, हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

डिचोलीला तेव्हा धड हॉल नव्हता. एका शाळेचं सभागृह आम्हाला सकाळी प्रार्थनेच्या आधी मिळायचं. बाहेरच्या रस्त्यावरून खाणीचे ट्रक जात, त्यांची तांबडी धूळ खिडक्यांच्या जाळीतून आत येऊन फरशीवर बसायची आणि बूट सटकायचे. म्हणून आधी ओल्या गोणपाटाने फरशी पुसायची आणि मग जाळं बांधायचं. पहिल्याच दिवशी मी गोणपाट हातात घेतलं, तर तिने ते माझ्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं. "ताई, तुमी नको." मी तिला म्हटलं, हीच चपळाई जरा शटलला दाखव म्हणजे झालं.

हात खरोखरच चांगला होता. मनगट असं की शटल कुठे जाणार ते शेवटपर्यंत कळू नये. पायांना डोंगराची सवय, दम भरायचा नाही. मागून मारायला सांगा, जाळ्यावर टाकायला सांगा, सगळं करायची आणि माझ्यापेक्षा बरं करायची. हे मी पहिल्या आठवड्यात मनाशी कबूल केलं आणि त्या संध्याकाळी कुणाशी धड बोलले नाही.

पण शटल मधे आलं की ती थांबायची. घाबरून नव्हे. वाटेत मोठं माणूस समोर आलं तर आपण जसे बाजूला होतो, तशी ती अर्धं पाऊल मागे व्हायची. मी पोचले तर ठीक, नाही पोचले तर शटल खाली. मी ओरडायचे, "घे गो तें! म्हजें न्हय, तुजें!" ती म्हणायची, "हय ताई." आणि पुढच्या वेळी पुन्हा अर्धं पाऊल मागे.

मी समजावून पाहिलं. मग हुकूम सोडला: आजपासून मधलं प्रत्येक शटल तू घ्यायचं. तर बाईने सगळी घ्यायला सुरुवात केली. उघड उघड माझ्या अंगावर आलेलीसुद्धा. मला ढकलून, माझ्या काखेखालून, डोळे मिटून. कारण ताईने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी हुकूम मागे घेतला आणि ती पुन्हा मागे सरकली. सांगितलं तर घेते आणि नाही सांगितलं तर घेत नाही, अशा माणसाचं कोर्टवर काय करायचं? सामन्यात सांगायला वेळ कुठे असतो?

मग मला वाटलं, मुळापासून धरू या. ती आमच्याच घरी राहायची आणि आमच्या सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर जेवायची. मी सांगितलं, उद्यापासून तू पहिली बसायचं. आई पेजेचं भांडं हातात धरून उभीच राहिली.

"आगो, जाणट्यांच्या पयलीं जेवपाची ही खंयची चाल?"

"आई, हें बॅडमिंटन."

"बॅडमिंटन तुमचें थंय. हांगा म्हजी रांदची कूड." आईच्या स्वयंपाकघरात आईचं राज्य. शिवाय माझे वडील मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. त्या दिवसांत भाषेच्या वादाने घराघरांत दोन तट पडले होते आणि आमच्या ओट्यावर रोज तावातावाने बोलणी होत. घरात कोकणी बोलायची, मराठी वाचायची आणि भांडण दोन्हीत करायचं. त्यात मी मुलीला वडिलांच्या आधी जेवायला बसवलं, तर वडील म्हणाले, "सगळीच जुनी घडी एका वर्षात मोडायची ठरवलंय का?" मुलगी पानावर बसली खरी, पण घास तोंडात घेईना. आईला दया आली आणि तो प्रयोग तिथेच संपला.

मी तिला म्हटलं, कोर्टवर मला ताई म्हणू नकोस, नावाने हाक मार. तिने दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी तिने मला काहीच म्हणायचं बंद केलं. काही हवं असेल तर समोर येऊन उभी राहायची. आठवडाभर मी मुक्या माणसाबरोबर खेळले आणि मग हात जोडून म्हटलं, बाई, ताई म्हण.

थंडीत आम्ही बाहेरच्या राज्यात एका मोठ्या स्पर्धेला गेलो. अंगात नव्या राज्याचं नाव छापलेले सदरे होते, त्याचं तिला फार अप्रूप. पहिल्या दोन फेऱ्या तिच्या मनगटावर जिंकलो. तिसरीत समोरची जोडी शहाणी निघाली. त्यांनी आमचं दुखणं ओळखलं आणि मधे मारायला लागल्या. मारा, पडलं. मारा, पडलं. माझे गुडघे तेव्हा वाकताना बोलायचे. मी एकटी किती धावणार? हरल्यावर ती माझी पिशवी उचलून माझ्या मागे चालत होती आणि मी वळून तिला नको नको ते बोलले. ती ऐकून घेत होती. तेही तिला शिकवलेलंच होतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी झोपली होती आणि माझ्या मनात आलं, की ही अशीच राहिली तर मला आणखी एक वर्ष मिळेल. त्यासाठी मला काही करावंही लागणार नाही. नुसतं जे चाललंय ते चालू द्यायचं. मला त्या वर्षाची फार हाव होती, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सकाळी उठून खेळायला जायचं नाही, तर मग उठायचं कशाला, हे मला कळत नव्हतं. लग्न केलं नव्हतं, बँकेत मन नव्हतं. कोर्टच्या त्या चौकोनाबाहेर मी कोण आहे हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी तिच्याकडे बघत बसले. झोपेतसुद्धा तिने माझ्यासाठी बाकावर जागा सोडली होती आणि स्वतः लाकडाला चिकटून बसली होती.

तिची जागाही एकदाच येणार होती. सरांकडे दर वर्षी नवी मुलं येत, आणि एकदा घरी पाठवलेल्या मुलीला परत बोलावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या राज्यात मागे दुसरी कुणी तयार नव्हतीच. ती गेली असती तर इब्रामपूरला जाऊन चांगला हात असलेली एक मुलगी एवढंच राहिली असती.

काजींचा हंगाम सुरू झाला तेव्हा ती चार दिवस घरी जायची म्हणाली. बापाने मलाही बोलावणं पाठवलं होतं. मी गेले. सकाळी पाववाल्या पोदेराचे उंडे आणि चहा घेऊन सगळं घर डोंगरावर. बाप, काका, दोन काकी, धाकटे भाऊ. झाडाखाली पडलेली काजूची फळं, म्हणजे बोंडू, गोळा करायचे, बिया पिळून काढायच्या, रस दारूच्या भाटीकडे पाठवायचा. सगळीकडे त्या पिकल्या बोंडूंचा वास. मी पाहुणी म्हणून नुसती बसणार कशी? एका झाडाखाली लाल-पिवळा सडा पडला होता, तिथे मी वाकले.

"ताई! तां माजां!"

मी दचकून सरळ झाले. ती चढावर टोपली कमरेला लावून उभी होती आणि आवाज असा, की मी तो कधी ऐकला नव्हता. मग तिलाच कसंतरी झालं आणि ती हसली, पण खाली आली आणि मी उचललेला बोंडू माझ्या हातातून घेतला तो घेतलाच.

बापाने समजावलं. त्यांच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावावर काही झाडं करून देतात. मुलगा असो, मुलगी असो. कागदावर नाही, नुसती तोंडी. पण त्या झाडाखाली पडलेलं त्या मुलाचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "मीय नाय," बाप म्हणाला. "ल्हान आसताना येकदा हिच्या झाडाकडली एक बी उचलली मियां. दोन दिस माझ्याशी बोलाक नाय." काकी हसत होत्या. मी बघत राहिले. हीच मुलगी काकाला सांगत होती, तुझी टोपली इकडे आणू नकोस. आणि काका निमूटपणे टोपली पलीकडे नेत होता. कुणाला त्यात उद्धटपणा दिसत नव्हता. आपलं आहे ते आपलं म्हणायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती, वडीलधाऱ्यांची तर नाहीच. मी इतके महिने तिला माझ्या मालकीची वस्तू घ्यायला सांगत होते आणि ती चांगल्या घरातली मुलगी असल्यामुळे घेत नव्हती.

डिचोलीला परतल्यावर मी फळ्याजवळचा खडू उचलला आणि कोर्टच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक रेघ ओढली. मधे हातभर रुंदीची पट्टी झाली.

"ही तुजी काजी," मी म्हटलं. "हांगा पडटा तें सगळें तुजें. आजच्यान तुज्या नांवार. हांवें हात लायलो जाल्यार म्हाका गाळी दी."

ती पट्टीकडे बघत राहिली. हसली नाही. मी मस्करी करत नाही हे तिला कळलं असावं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिच्या पट्टीतली शटलं घेतली. तिने ओठ घट्ट केले. दुसऱ्या दिवशीही घेतली. तिसऱ्या दिवशी एक शटल मी पट्टीत शिरून मारलं आणि ती खेळ थांबवून माझ्यासमोर उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

"ताई, तुमीच दिलास मगो?"

त्या दिवसापासून ती घ्यायला लागली. "माजां!" म्हणून ओरडायची, जाळीवरची कबुतरं उडायची. ओल्या गोणपाटाने रोज सकाळी खडू पुसला जायचा आणि ती स्वतः नव्याने रेघा ओढायची. आमच्याकडे शेताचे बांध हळूहळू सरकवणारे शेजारी असतात, तशी तिची पट्टी दर आठवड्याला रुंद होत गेली. मी ते बघायचे आणि बोलायचे नाही. माझ्या बाजूचं कोर्ट अरुंद होत होतं. रात्री मी गुडघ्याला तेल चोळत बसायचे आणि आई म्हणायची, "आतां पुरो गो." मी तिला रागाने उत्तर द्यायचे. कारण तिचं म्हणणं बरोबर होतं.

मे महिन्यात निवड-चाचणी झाली ती गोव्यातच, पणजीला. नवीन राज्य, नवीन हॉल. हॉल अजून पुरता झाला नव्हता. एका कोपऱ्यात बांबूची परांची तशीच होती आणि बेळगावकडचे कामगार तिच्यावर बसून खेळ बघत होते. देशभरातून मुली आल्या होत्या. सर कोर्टच्या कडेला खुर्ची टाकून बसले, मांडीवर हात, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी आमच्यासमोर त्या वेळची सगळ्यांत चांगली तरुण जोडी उभी केली.

इथे खडू नव्हता. आत शिरताना तिने एकदा मधल्या रेषेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी म्हटलं, "रेग आसा. दिसना इतलेंच." ती जागेवर जाऊन उभी राहिली.

पहिला गेम आम्ही घेतला. तिने मधली सगळी शटलं घेतली आणि मी माझ्या अरुंद जागेत उभी राहून तिच्या मागे पडेल तेवढं उचललं. असं खेळणं मला जन्मात माहीत नव्हतं. दुसरा गेम गेला. माझ्याच बाजूने गेला. माझा पाय वेळेवर पोचत नव्हता आणि समोरच्यांना ते कळलं. तिसऱ्या गेममध्ये कधी त्या पुढे, कधी आम्ही. अंगातला सदरा पिळून काढावा असा उकाडा होता. सर हलले नव्हते.

शेवटाजवळ एक लांबलचक रॅली झाली. डावीकडे मी, उजवीकडे ती. समोरून उंच, जरा ढिलं शटल मधोमध आलं. पुस्तकाप्रमाणे माझं होतं. माझा उजवा हात मधे होता. आमच्या ठरावाप्रमाणे तिचं होतं. मी विचार केला असता तर जागेवर राहिले असते. पण इतक्या वर्षांत असं शटल वर दिसलं की मी गेलेले असायचे, विचार नंतर यायचा. मी गेले.

"माजां!"

मी ऐकलं. ती वर उडालेली दिसली, शटल खाली आपटल्याचा आवाज झाला आणि तिच्या रॅकेटची कड खाली येता येता माझ्या डाव्या भुवईवर बसली.

मी गुडघ्यावर होते. हाताला ओलं लागलं. पॉइंट आमचा झाला होता, हे मी आधी पाहिलं. पलीकडच्या फरशीवर शटल पडलं होतं. मग माझ्या पायांवर तिचे दोन्ही हात. रॅकेट टाकून ती माझे पाय धरून बसली होती आणि "ताई, चुकलंय, ताई, चुकलंय" एवढंच म्हणत होती. परांचीवरचे कामगार उठून उभे राहिले होते. कुणीतरी टॉवेल आणला, कुणी बर्फाला धावलं. मला बाकावर नेऊन बसवलं.

सर आले. आधी त्यांनी माझी भुवई पाहिली, डोळा उघडायला लावला, बोटं मोजायला लावली. मग टॉवेल माझ्या हातात परत देऊन ते तिच्याकडे वळले.

"शटल कुणाचं होतं?"

"माझी चूक झाली," ती हिंदीत म्हणाली. रडत होती.

"चूक कुणाची ते मी विचारलं नाही. शटल कुणाचं होतं?"

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, आणि मला कळलं की वर्षभराची चाचणी आता चालली आहे, मघाशी कोर्टवर चालली होती ती नव्हे. रक्त बघून ही मागे सरकली, तर उद्या दुसऱ्या जोडीदारणीबरोबर पुन्हा सरकणार. तिने "ताईचं" म्हटलं असतं तर सर मान हलवून निघून गेले असते. ती संध्याकाळच्या बसने इब्रामपूरला आणि मी आणखी एक वर्ष शिबिरात.

ती सरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. काय उत्तर द्यायचं ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होती. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण मग ते माझंच उत्तर झालं असतं, मी सांगितलेलं, ताईच्या शब्दाबाहेर न जाणारं. मी टॉवेल दोन्ही डोळ्यांवर ओढून घेतला आणि घट्ट दाबून धरला.

मला काही दिसत नव्हतं. बर्फाचं पाणी मानेवरून आत जात होतं. तिच्या नाकातून सूं सूं आवाज येत होता, मग तो थांबला.

"माजां," ती म्हणाली. हिंदीत नाही, घरच्या भाषेत. मग आवाज चढला. "माजां आसलां तां. ताईन थंय येवचां नाय आसलां."

ते माझं होतं. ताईने तिथे यायला नको होतं.

सरांना तिची भाषा कळत नव्हती, पण आवाज कळला असणार. त्यांनी दुसऱ्या एका नव्या मुलीला बोलावलं आणि दोघींना कोर्टवर जायला सांगितलं. मी टॉवेलखाली रडले. दुखत होतं म्हणूनही रडले. आतापर्यंत कुणी मला असं तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते खरं होतं, आणि सांगायला मीच तिला शिकवलं होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तिचा इतका राग आला की दोन्ही एकाच छातीत मावत नव्हते.

थोड्या वेळाने मी टॉवेल काढला. खेळ सुरू झाला होता. माझ्या जागेवर ती नवी मुलगी उभी होती, बावरलेली, नजर बुटांवर. आमची इब्रामपूरची मुलगी तिला काहीतरी सांगत होती, हाताने मधली जागा दाखवत. मग समोरून शटल आलं, उंच, दोघींच्या मधोमध, आणि बाकावर बसल्या जागी माझा उजवा पाय पुढे पडला. तो मी मागे घेतला.